हाताला येईल असं

४ फेब्रुवारी

धाकट्या,

ताईचं पत्र बघून हसशील. पण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येत नाही, म्हणून हा उद्योग.

घर लागलं. दोन खोल्या, एक गॅलरी, समोर छापखान्याचं पत्र्याचं छप्पर. दुपारी त्या पत्र्यावरून उजेड उलटा येतो आणि माझ्या छतावर हलत राहतो. मला आवडलं. आता "तू एकटी कशी राहशील" हे पुराण पुन्हा लावू नकोस. सगळा जन्म दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीत उभी राहून दुसऱ्यांच्या हातात बाटल्या दिल्या. आता स्वतःच्या दाराला स्वतः कडी लावायची आहे, एवढीच हौस आहे.

एका गोष्टीने मात्र डोक्याला ताप दिलाय. न्हाणीघर एवढंसं आहे. आत गेलं की दार आणि बेसिन यांच्यामध्ये आपण आणि आपली सावली, तिसऱ्याला जागा नाही. बेसिनखाली लाकडी कपाट आहे. बाहेरून गोजिरवाणं, आतून विहीर. बरोबर मध्ये तो पाण्याचा वाकडा पाइप उभा. त्याच्या मागे काय आहे ते गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाही, आणि माझे गुडघे कसे आहेत ते तुला माहीत आहे. एक बाटली काढायला गेलं की पुढच्या चार लोळतात. जिने आयुष्यभर अंधारातसुद्धा बरोबर फळीवर हात टाकला, तिला आता दात घासायची पेस्ट शोधावी लागते.

तू लोकांच्या दिवाणखान्यांना कपाटं करून देतोस. बहिणीच्या बेसिनखाली काय करता येईल ते सांग. भावजयबाईंना आठवण सांग.

तुझी ताई

·

१४ फेब्रुवारी

ताई,

तोंड न घालता पूर्ण वाचलं. ही म्हणते, चमत्कार झाला.

तुझ्या कपाटात दोष नाही, ते फक्त पोकळ आहे. पोकळ जागेत वस्तू ठेवता येतात, काढता येत नाहीत. आपण वस्तूंकडे वाकायचं नाही, वस्तूंनी बाहेर यायचं. पाइप मध्ये ठेवून दोन सरकते ट्रे बसवू, एक वर, एक खाली. दोन्ही ट्रेंना मध्ये पाइपपुरती खाच. पाइपचा वाकडा भाग मोकळा सोडायचा, उद्या तुंबला तर प्लंबरचा हात आत गेला पाहिजे. दाराच्या आतल्या बाजूला अरुंद जाळी लावायची, तिच्यात ब्रश, कंगवे, पेस्ट.

मांडणीचा नियम एकच, मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो: रोजचं वर, कधीमधीचं खाली. तुझ्या गोळ्या, त्यांच्यासाठी पाण्याची बाटली आणि पेला, टॉवेल, टॉर्च हे सगळं वरच्या ट्रेमध्ये. फिनेल, घासण्या, जुनी फडकी खाली.

आतली रुंदी, खोली आणि पाइपपासूनचं अंतर मोजून कळव. पाण्याला न फुगणाऱ्या प्लायचे ट्रे इथे कारखान्यात करून पार्सलने पाठवतो. बसवायला तुझ्या गल्लीतला कुणीही सुतार चालेल.

एकटी राहण्याबद्दल मी काही म्हटलेलं नाही हे ध्यानात घे.

धाकटा

·

८ मार्च

धाकट्या,

ट्रे बसले. सुताराने काम बघून विचारलं, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "आमच्या घरातल्या एका बडबड्याने." बोटाने ओढले तरी सुळ्ळकन बाहेर येतात. नियमाप्रमाणे सगळं लावलं, लेबलं पुढे करून, खिडकीतल्यासारखं. दोन दिवस मी उगीचच दार उघडून बघत होते.

एक बारीकशी तक्रार. सकाळी गेलं की कपाटाचं दार किलकिलं असतं आणि खालचा ट्रे चार बोटं पुढे आलेला असतो. जमीन उताराची आहे का? आणि परवा टॉवेल आणि टॉर्च खालच्या ट्रेमध्ये होते. मी वर ठेवले होते. नवीन मांडणी आहे, हाताला सवय नाही, असं म्हणून सोडून दिलं.

बाकी झकास. खालच्या मजल्यावर एक टायपिस्ट बाई राहते. घरीच मशीन घेऊन बसते, लोकांचे अर्ज आणि प्रबंध टाइप करते. तिच्याशी चांगली ओळख झाली आहे.

तुझी ताई

·

१७ मार्च

ताई,

उतार असेल तर ट्रे पुढे येतो. ट्रे ज्या पट्टीवर सरकतो त्या चॅनलवर पाणसळ ठेवून बघ, बुडबुडा मध्ये थांबला पाहिजे. दार बंद राहत नसेल तर सोबत चुंबकाची कडी पाठवतोय.

पण ताई, उताराने वरचा टॉवेल खाली जात नाही.

रागावू नकोस. मागच्या खेपेला तू आमच्याकडे होतीस तेव्हा चष्मा पिठाच्या डब्यात सापडला होता. आपण हसलो होतो. रात्रीची झोप लागते का? गोळ्या वेळेवर घेतेस ना? हिच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, फक्त बोलून बघतात, काही टोचत नाहीत. येतेस का इकडे थोडे दिवस?

धाकटा

·

२९ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा घडी घालून ठेवलं. रागावले नाही. चष्मा पिठात सापडला होता हे खरं आहे. पण हजारो माणसांना औषध देताना माझ्या हातून एकदाही चुकीची बाटली गेली नाही, हेही खरं आहे. तेव्हा आता जे लिहिते ते औषधांच्या खिडकीतल्या बाईचं म्हणून वाच.

पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये थांबतो. चुंबकाची कडी लावली. मग सकाळी सगळं नियमाप्रमाणे वर लावलं, दार टक्क वाजेपर्यंत दाबलं, घराला बाहेरून कुलूप घातलं आणि बाजारात गेले. परत आले तेव्हा कुलूप होतं तसंच होतं. कपाटाचं दार उघडं. खालचा ट्रे पूर्ण बाहेर आलेला. त्यात टॉवेल, टॉर्च, पाण्याची बाटली, स्टीलचा पेला, गोळ्या. फिनेल आणि घासण्या वर गेलेल्या.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. गोळ्यांच्या बाटल्या आडव्या ठेवल्या होत्या, आणि लेबलं बाहेरच्या बाजूला, जमिनीकडे कललेली. उभं राहून वाचता येत नव्हती. वाकूनही नाही. असं कोण ठेवेल? मी विचार करत राहिले आणि शेवटी, हसू नकोस, टॉवेल अंथरून फरशीवर आडवी झाले. गाल जमिनीला टेकवला.

धाकट्या, प्रत्येक लेबल सरळ वाचता आलं. बाटलीचं झाकण माझ्या बोटांशी होतं. हात न उचलता पेला हाताला येत होता. ती मांडणी खाली पडलेल्या माणसासाठी होती.

उठायला मला बराच वेळ लागला, आणि त्याचं कारण फक्त गुडघे नव्हतं.

टायपिस्ट बाईकडे गेले. विचारलं, "माझ्या आधी वर कोण होतं?" ती आधी चहाच ठेवायला लागली. मी म्हटलं, चहा नको. मग म्हणाली, "हातमोजे शिवणारी एक म्हातारी होती. गुणी बाई. दारात कधी आवाज नाही." "कुठे गेली?" "गेली म्हणजे… न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. बेसिन आणि दाराच्या मध्ये अडकली, दार आत उघडणारं, त्यामुळे ते उघडेना. घरभाडं घ्यायला माणूस आला तेव्हा कळलं." मी विचारलं, कपाट तेव्हाही होतं का. म्हणाली, "होतं. दार उघडं होतं म्हणे. तिने उघडलं असणार. पण खाली नुसतं फिनेल आणि ब्रश. सगळं कामाचं वर, बेसिनच्या कडेवर."

तुझा नियम, धाकट्या. रोजचं वर.

मी आता वस्तू खालीच ठेवते. तेव्हापासून कपाट शांत आहे.

तुझी ताई

·

६ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी हिला वाचून दाखवलं नाही. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, एकटं राहणाऱ्या माणसाच्या हातून गोष्टी होतात आणि लक्षात राहत नाहीत. मग कुठूनतरी ऐकलेली हकिगत त्यावर जाऊन बसते. ती तुझी चूक नाही.

त्या म्हातारीचं वाईट वाटलं. पण एका अनोळखी बाईच्या मरणाभोवती तू स्वतःचं घर मांडायला लागलीस, हे मला बघवत नाही. फरशीवर आडवी झालीस? तुझे गुडघे घेऊन?

माझं एवढं ऐक. वस्तू पुन्हा वर ठेव. सोबत एक खटका पाठवतोय, लहान मुलांनी कपाट उघडू नये म्हणून लावतात तो. दाराच्या वरच्या टोकाला आतून बसतो, वरून दाबल्याशिवाय उघडत नाही. तो लाव. महिनाभर काही हललं नाही तर तुझं तुलाच कळेल. मी मेच्या सुरुवातीला येतो आणि मग आपण बोलू. माझ्या समाधानासाठी तरी.

धाकटा

·

३ मे
दवाखाना

धाकट्या,

अक्षर वेडंवाकडं आहे, लावून घे. तू उशाशी बसून होतास तेव्हा हे सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा तू पाणी हवंय का म्हणून विचारलंस. तू घरी जाऊन माझ्यासाठी खोली तयार करतो आहेस, तोवर लिहून टाकते.

तुझ्या समाधानासाठी मी खटका लावला. सुताराकडून लावून घेतला, वस्तू वर ठेवल्या. आणि थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, ओल्या फरशीवर पाय गेला. तिच्यासारखंच. बेसिन आणि दार यांच्यामध्ये. पाय हलवला की डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं.

ओरडले. मग ओरडायचा जोर संपला. कपाटाचं दार माझ्या तोंडासमोर होतं, बंद. वरचा खटका हातभर उंच, म्हणजे माझ्यासाठी आभाळातच. तेव्हा तुझ्यावर राग आला नाही, खरं सांगते. नुसतं वाटलं, पाणी एवढं जवळ आहे.

मग आतून खटका निघाल्याचा आवाज आला. लहानसा, टिचकी मारल्यासारखा. दार उघडलं आणि खालचा ट्रे अगदी हळू बाहेर आला, माझ्या तळहाताला येऊन टेकला. झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून आपण जसं काही ठेवतो, तसा. त्यात सगळं होतं.

पाणी प्यायले. पेल्याने पाइपवर ठोकत राहिले. मध्ये ग्लानी येत होती, पुन्हा शुद्धीवर आले की ठोकत होते. दुसऱ्या दिवशी टायपिस्ट बाईने लोकांना घेऊन दार तोडलं.

हे इथल्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, धक्क्यात माणूस कुठूनतरी बळ आणतो, तुम्हीच कसंतरी उघडलं असेल. मी हो म्हटलं. पण एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. तिथे पडून असताना कपाटाच्या आतून श्वास ऐकू येत होता. धापा टाकल्यासारखा, तुटक. वरून नाही. माझ्या कानाच्याच पातळीवरून, जसं शेजारच्या अंथरुणावर कुणी जागं असावं. माझा श्वास अडकला की तोही अडकायचा.

भ्यायले का? भ्यायले. अंगावरचा काटा अजून पूर्ण गेलेला नाही. पण धाकट्या, मी तिथे एकटी नव्हते.

तुझी ताई

·

२२ मे
तुझ्या घरातून

ताई,

तू माझ्या घरी आणि मी तुझ्या घरी, अशी पत्रं लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. हिचं पत्र आलं, काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातेस म्हणे. जीव भांड्यात पडला.

मी आलो ते घर रिकामं करायला, हे तुला माहीत आहे. भांडी, कपडे, पुस्तकं खोक्यांत भरली. शेवटी न्हाणीघर घेतलं. खटका बघितला. स्क्रू घट्ट आहेत, जीभ वाकलेली नाही, कुठे ओरखडा नाही. जोर लावून उघडला असता तर लाकूड फाटलं असतं. मी हे काम करून पोट भरतो, मला फाटलेलं लाकूड कळतं. तो नीट, वरून दाबून उघडला होता.

मी ते मनातून बाजूला सारलं. ट्रेमधलं सगळं काढून खोक्यात भरलं. ट्रे नंतर काढू म्हणून दार लावलं आणि टायपिस्ट बाईंचे आभार मानायला खाली गेलो. आभार काही त्यांनी घेतले नाहीत. मशीनवर कागद चढवलेला होता, त्याच्याकडेच बघत म्हणाल्या, "तुमच्या ताईंच्या वेळी पाइप वाजला तशी मी उठले. त्या आधीच्या वेळी नव्हते उठले."

"तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"हाक. 'आहे का कुणी?' एवढंच, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, कुणाकडे रेडिओ लागलाय. प्रबंध द्यायचा होता, मी टाइप करत राहिले. मग ते थांबलं. मला बरं वाटलं हो, रेडिओ बंद झाला म्हणून."

वर आलो.

आता जे लिहितो ते हिला सांगू नकोस. दुपारची वेळ होती, पत्र्यावरचा उजेड तू म्हणतेस तसा छतावर हलत होता. न्हाणीघरातून घसटल्यासारखा आवाज येत होता. दार उघडून बघितलं. कपाट उघडं, खालचा ट्रे बाहेर, रिकामा. आवाज ट्रेमधूनच येत होता. प्लायवरून तळहात फिरवल्यासारखा. मला तो आवाज ओळखीचा आहे, रंधा मारल्यावर मी रोज तसा हात फिरवतो. पण हा हात काही तपासत नव्हता, तो शोधत होता. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, मग कडेने, मग पुन्हा मध्ये. ट्रेमध्ये काहीच दिसत नव्हतं. फक्त लाकडावरची बारीक धूळ बोटांच्या रुंदीने पुसली जात होती.

पळून जावं असंच वाटलं. पण ताई, तो हात इतक्या हळू फिरत होता. आपली आई शेवटी चादरीवरून हात फिरवायची ना, तसा.

मी स्वयंपाकघरात गेलो. खोकं फोडून तुझी बाटली काढली, भरली, झाकण सैल केलं आणि ट्रेमध्ये ठेवली, आडव्या माणसाच्या हाताला येईल अशी. आवाज थांबला. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, छापखाना सुटेपर्यंत.

आत येऊन बघितलं तर बाटली उभी होती, झाकण लावलेलं, आणि आत थेंब नव्हता. ट्रे कोरडा होता.

खटका मी काढून टाकला. खालच्या ट्रेला कातडी पट्ट्याची मूठ लावली, फरशीलगत, एका बोटाने ओढता येईल अशी. ती कुठे लावायची ते ठरवायला मला खाली आडवं व्हावं लागलं. इतकी वर्षं कपाटं करतोय, पण तिथून कधी बघितलं नव्हतं. न्हाणीघराचं दारही उतरवलं, उद्या ते बाहेर उघडेल असं बसवतो.

घरमालक किल्ली मागतोय. काय सांगू?

धाकटा

·

२९ मे

धाकट्या,

त्याला सांग, किल्ली मिळणार नाही. काठी सुटली की मी परत येतेय. भावजयबाई रडल्या, मग म्हणाल्या, "मला माहीतच होतं." त्या महिन्यातून एकदा येऊन राहणार आहेत आणि मी रोज सकाळी तुला फोन करणार आहे. मध्ये तोंड घातलंस तरी चालेल. टायपिस्ट बाईलाही एक किल्ली दे. तिने नको म्हटलं तरी दे, तिला ती हवी आहे.

पाणी ठेवलंस ते फार चांगलं केलंस. मला इतक्या दिवसांत सुचलं नाही. ती माझ्यासाठी मांडत राहिली आणि मी फक्त घेत राहिले.

पण तुझं पत्र वाचल्यापासून मला झोप नाही. ती पाण्यासाठी हाका मारत नव्हती, धाकट्या. तू स्वतःच लिहिलं आहेस तिने काय विचारलं ते, आणि तिला कुणीच ओ दिली नाही. मीही नाही. मी तिच्या शेजारी पडून होते, तिचा श्वास ऐकत होते, आणि सगळा वेळ पाइप वाजवत होते.

मी येईपर्यंत तू तिथेच थांब. रोज दुपारी बाटली भर. आणि भरून झाली की बाहेर पळू नकोस. खाली आडवा हो, कपाटाकडे तोंड कर, आणि तिला ऐकू जाईल असं, तुझ्या त्या बडबड्या आवाजात, सांग:

"आहे. मी आहे इथे."

ताई